हाल्ब आख्ट

मुलांनो, बी.एड. झाल्यावर मी दर रविवारी पहाटेच्या एस.टी.ने साताऱ्याहून सांगलीला जर्मन शिकायला जात असे. परीक्षेची वेळ बाईंनी सांगितली, ‘हाल्ब आख्ट’. हाल्ब म्हणजे अर्धा, आख्ट म्हणजे आठ. मी समजलो, साडेआठ! सव्वाआठला पोहोचलो, तर पेपर सुरू होऊन पाऊण तास झालेला. जर्मनांचा ‘अर्धा आठ’ म्हणजे आपले साडेसात. अब्बांनी उसने आणलेले फीचे पैसे आठवून गळा दाटून आला.

“कधी आलात?” बाईंनी जर्मनमध्येच विचारले. घाबरून मी ‘आलो’ला ‘हाबे’ लावले. ‘हाबे’ लागते ‘खाल्ले’ला, ‘आलो’ला ‘बिन’. तुम्ही उर्दूत ‘मैंने खाया’ म्हणता, पण ‘मैंने आया’ म्हणता का? तसेच ते.

बाईंनी वाक्य सुधारले. पेपर मात्र दिला नाही.