शेवटची दहा मिनिटे

चित्रपट पाहणाऱ्यांत जाणकार म्हणून एक वर्ग असतो. त्याला छायालेखन समजते, संकलन समजते, कोणता प्रसंग कोणत्या परदेशी चित्रपटावरून सुचला असावा हेही समजते. दुसरा वर्ग माझ्यासारख्यांचा. वर्षाकाठी तीनचार चित्रपट पाहावेत, तेही कोणी आग्रह केला म्हणून. मध्यंतरात बटाटेवडा खावा. आणि घरी परतताना मात्र असे ठाम मत द्यावे की, सोबतच्या मंडळींनी उरलेली वाट मुकाट्याने चालावी. जाणकारांची मते छापून येतात. आमची मते फराळाच्या ताटाभोवती चकलीबरोबर संपतात. यंदा ती संपण्याआधी कागदावर उतरवतो आहे, एवढेच.

माझे सारे मत चित्रपटाच्या शेवटच्या दहा मिनिटांवर ठरते. याला कारण आहे. लहानपणी मी कित्येक चित्रपटांचे शेवट पाहिलेच नाहीत!

आमचे गाव तालुक्यापासून आठ मैलांवर. तालुक्याच्या थेटरात पहिला खेळ सहाला सुरू होई. आधी जाहिराती, मग सरकारी वार्तापट आणि मग चित्रपट. खेळ सुटायला नऊ वाजत आणि आमची शेवटची एस.टी. पावणेनऊला निघे. तेव्हा पडद्यावर नायिका विहिरीच्या काठावर उभी असो की खलनायकाने सुरा उपसलेला असो, वडील घड्याळ पाहून उठत आणि 'चला' एवढेच म्हणत. पुढे काय झाले ते आम्ही गाडीत बसून ठरवायचे. वडिलांचे शेवट सरळ असत : सर्वांना सुबुद्धी होई आणि गहाण पडलेले घर सुटे. माझ्या शेवटांत हाणामारी असे. आई बहुधा गप्प बसे.

प्रभातचे जुने बोलपट त्या काळी फिरून फिरून लागत. दामले-फत्तेलाल यांचा १९३६ सालचा 'संत तुकाराम' आम्ही असाच पाहिला. तुकोबा वैकुंठाला गेले हे मला कीर्तनातून ठाऊक होते. पण डोळ्यांनी पाहिलेले नसल्यामुळे माझ्या मनातले तुकोबा बरीच वर्षे देहूतच राहिले आणि जिजाईने वाढलेले जेवीत बसले. विष्णुपंत पागनिसांच्या तुकोबांवर सारे जग लुब्ध झाले. १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवातही त्या चित्रपटाचा गौरव झाला. पण मला विचाराल तर तो चित्रपट गौरीबाईंच्या जिजाईचा आहे. पोरे उपाशी आणि नवरा अभंगात दंग, अशा घरातली ती बाई प्रत्यक्ष विठोबाशी भांडायला निघते. पुढे शेवट पाहिला तेव्हा गरुडाच्या विमानापेक्षा, जमिनीवर मागे राहिलेली जिजाईच माझ्या लक्षात राहिली. तुकोबा गेले तरी पोरांना उद्याची भाकरी हवीच असणार.

मग आला 'कुंकू'. ना. ह. आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीवरून शांतारामबापूंनी १९३७ साली काढलेला. पोरक्या नीरेला तिचा मामा फसवून एका म्हाताऱ्या विधुर वकिलाच्या गळ्यात बांधतो. ती त्याच्या घरात राहते, पण त्याला नवरा म्हणून जवळ येऊ देत नाही. शांता आपटे यांची नीरा आणि केशवराव दाते यांचे काकासाहेब. चित्रपटाला पार्श्वसंगीत नाही; जे ऐकू येते ते घरादारातलेच आवाज. त्यामुळे आपण शेजारच्या घरातले भांडण भिंतीआडून ऐकतो आहोत असे वाटते.

आमच्या घरात या गोष्टीला आणखी एक पदर होता. माझी आई दुजवराला दिलेली. वडील तिच्याहून अठरा वर्षांनी मोठे. याविषयी घरात कोणी कधी बोलत नसे. त्यात बोलण्यासारखे काही असते, हेच मला तेव्हा ठाऊक नव्हते.

वेळ झाली तसे वडील उठले. आई उठली नाही.

"अहो, बसा जरा," ती म्हणाली. "आज शेवट बघायचाय मला."

वडील बसले. काकासाहेबांना आपण काय करून बसलो ते उमगले. नीरेने पुन्हा लग्न करावे असे पत्र मागे ठेवून त्यांनी जीव दिला. दिवे लागले. गाडी अर्थातच गेली होती. रात्र स्टँडच्या बाकावर काढायची ठरली. वडिलांनी कोठूनसा चहा आणला. तो घेता घेता आई म्हणाली, "मरून काय केलं त्यानं? चूक कळली होती, तर जगायला हवं होतं. रोज तिच्यासमोर."

वडील काही बोलले नाहीत. कपबश्या परत करायला म्हणून गेले ते बराच वेळ चहाच्या टपरीपाशीच उभे राहिले. त्या दिवसानंतर ते तीनच्या खेळाची तिकिटे काढू लागले. आमचा एकही शेवट पुढे चुकला नाही.

कॉलेजात गेल्यावर मी आईशी वाद घातला. म्हटले, "१९३७ साली आपल्या कायद्यात घटस्फोट कुठे होता? हिंदू विवाह कायदा १९५५ चा. विधवेला मात्र १८५६ पासून पुनर्विवाह खुला. मग नीरेला सुटायचं तर नवऱ्यानं मरण्याखेरीज दुसरं दार कोणतं?"

आई गवार मोडीत होती. ती म्हणाली, "वकील होते ना रे काकासाहेब? मग कायद्याशी भांडायचं. मरायला वकिली कशाला लागते?"

तेव्हापासून आईचे हेच माप मी साऱ्या चित्रपटांना लावतो. शेवटी मरण येते ते हिशेब मिटवून टाकायला येते की हिशेब मागायला?

शांतारामबापूंचाच 'माणूस' (१९३९) या मापाला पुरेपूर उतरतो. शाहू मोडक यांचा पोलीस शिपाई आणि शांता हुबळीकर यांची मैना. तिच्या हातून खून होतो. तिला पळवून न्यायला शिपाई तयार होतो, पण ती नकार देते. दोघेही जिवंत राहतात आणि आपापले ओझे उचलतात. त्यापुढे दोन वर्षांनी आलेल्या 'शेजारी'त पाटील आणि मिर्झा हे दुरावलेले मित्र धरण फुटते तेव्हा हातात हात घालून मरतात. त्या पाण्याला मी नावे ठेवीत नाही. दोन मरणांनंतर गावाला शहाणपण आले, तर त्या गावाच्या शहाणपणाचा भाव काय, हा प्रश्न तो चित्रपट आपल्यापुढे टाकतो.

अत्र्यांच्या 'श्यामची आई'ला १९५४ साली राष्ट्रपतींचे पहिलेच सुवर्णपदक मिळाले. वनमालाबाईंची आई श्याम पोचण्याआधीच जाते. सारे थेटर रडते. आमची आईही रडली, आणि मग म्हणाली, "पोरगा आहे मागे. तो लिहील." मापात बसले.

१९७५ साली बर्लिनच्या महोत्सवात गेलेला जब्बार पटेल यांचा 'सामना' तर मला आईनेच लिहवून घेतल्यासारखा वाटतो. लेखणी अर्थात विजय तेंडुलकरांची. निळू फुले यांच्या साखरसम्राटासमोर डॉ. लागूंचा फाटका मास्तर, मारुती कांबळे नावाच्या माणसाचे पुढे काय झाले एवढे एकच विचारीत राहतो. मेलेला माणूस तिथे गप्प पडून राहत नाही. संदीप सावंत यांच्या 'श्वास'मध्ये (२००४) उलट. तेथे कोणी दुष्ट नाही. डोळ्यांच्या कर्करोगामुळे नातवाची दृष्टी जाणार, जीव वाचणार. शस्त्रक्रियेआधी आजोबा त्याला इस्पितळातून गुपचूप बाहेर नेतात आणि जग दाखवतात. दुःख चुकवता येत नाही, तर त्याच्या आधीचा दिवस तरी नीट जगावा, ही त्या म्हाताऱ्याची अक्कल मला पुष्कळ मोठी वाटते.

नागराज मंजुळे यांचा 'फँड्री' (२०१३) पाहायला माझी नात मला घेऊन गेली. आई तेव्हा नव्हती. डुकरामागे पळवलेला, गावाने हसून हसून पिळून काढलेला जब्या अखेर दगड उचलतो आणि फेकतो. दगड सरळ आपल्या दिशेने येतो आणि पडदा काळा होतो. थेटरात दिवे लागले तरी आमच्या रांगेतले कोणी लगेच उठले नाही.

मंडळी, सणाच्या दिवसांत आपणही चित्रपटाला जाल. चांगला असेल, वाईट असेल; त्याची हमी मी काय देणार? फक्त तिकिटे अशा खेळाची काढा की, परतीच्या गाडीची घाई नसेल. आणि बरोबरच्या माणसाला बसून राहावेसे वाटले, तर बसू द्या. गाडी चुकली तर चुकली. स्टँडवर चहा मिळतो.