भिंतीवरची उर्दू

आमच्या बुढीलेनपासून किराडपुऱ्यापर्यंत बहुतेक मुस्लिम घरांच्या बैठकीत आयतुल कुर्सीचा तुगरा दिसतो, मक्का-मदिन्याची तसबीर दिसते. सगळं ऑफसेटवर हजारोंनी छापलेलं. फ्रेम महाग, आतला कागद स्वस्त. श्रद्धेपोटी लावतो, त्यात गैर काही नाही. पण कला म्हणून विकत घेतलेला कागद आपल्या घरात क्वचितच येतो.

इथल्या एका चित्रकलेच्या विद्यार्थ्याकडून मी भडकल दरवाजाचं वुडकट, म्हणजे लाकडाच्या ठशावरून काढलेलं चित्र, बाराशे रुपयांना घेतलं. अम्मी म्हणाली, "इत्ते पैशे में तो दस तुगरे आते थे." तिचा सवाल रास्त होता. शेवटी छापलेलंच ना, मग एवढं महाग का?

उत्तर चित्राखालच्या समासात आहे. तिथे पेन्सिलीने 7/15 लिहिलंय. म्हणजे पंधरा प्रतींतली सातवी. त्या मुलाने स्वतः लाकूड कोरलं, शाई लावली, एकेक प्रत हाताने काढली आणि सही केली. ठरलेल्या प्रती निघाल्या की ठशावर चरे ओढून तो बाद करण्याची रीत आहे. मोल ठरवताना प्रती किती, सही कुणाची, कागद पिवळा पडलाय का, आधी तो कुणाकडे होता, हे बघतात. आणखी एक भेद ध्यानात ठेवावा. ठशासाठीच घडवलेलं चित्र वेगळं, तयार पेंटिंगवरून छापलेली प्रत वेगळी. आपल्या पंढरपुरात जन्मलेल्या हुसेनसाहेबांचं सही-क्रमांक असलेलं सेरीग्राफ आणि त्यांचं साधं पोस्टर लांबून सारखंच दिसेल, पण किमतीत जमीन-अस्मानाचा फरक.

आम्हा उर्दूवाल्यांना छापण्याची ही कला खरं तर परकी नाही. 1981 साली संगणकावर नूरी नस्तालीक आलं. त्याआधी बहुतेक उर्दू पुस्तकं कातिबाच्या हातची असत. तो बोरूने ओळ न् ओळ लिहायचा, मग ते अक्षर लिथोच्या दगडावर उतरायचं. काम संपलं की दगड घासून पुढच्या पुस्तकाला घ्यायचे. म्हणजे ती प्रतही परत निघायची नाही. वली आणि सिराज यांच्या या शहरात माझ्या ओळखीच्या कितीतरी घरांतून अशी पुस्तकं किलोच्या भावाने रद्दीत गेली. त्यांच्यावर 7/15 लिहिलेलं नव्हतं, एवढंच.

अलीगढला 1937 मध्ये जन्मलेल्या ज़रीना हाशमी गणित शिकल्या आणि पुढे ठशांकडे वळल्या. फाळणीनंतर काही वर्षांनी घरचे कराचीला गेले, त्या स्वतः न्यू यॉर्कला राहिल्या. 1999 मध्ये त्यांनी 36 वुडकटांचा एक संच केला. घर, उंबरठा, सीमा, भाषा असा एकेक शब्द, त्याची साधी काळी आकृती आणि खाली नस्तालीकमध्ये तो शब्द. संचाच्या मोजक्याच प्रती आहेत. एक न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात आहे.

त्यातलं एक चित्र मी वर्गात मोबाईलवर दाखवलं. मराठी माध्यमाची मुलं, निम्मी मुस्लिम घरांतली. एकाने विचारलं, "सर, खाली कुराणातलं काही लिहिलंय का?"

तिथे लिहिलं होतं, घर.

साता समुद्रापार हा शब्द काचेमागे जपलाय आणि ज्यांच्या आजीची ती भाषा, त्या मुलांना तो वाचता येत नाही. याची किंमत कुठल्याही लिलावात निघणार नाही. त्या दिवसापासून मधल्या सुट्टीत मी अलिफ-बे शिकवायला घेतलं. सध्या नऊ मुलं येतात, त्यात दोन मराठे आहेत.

आणि तुम्हाला सांगणं एवढंच. शहरात चित्रांचं प्रदर्शन लागलं तर एखादा ठसा जरूर घ्या. ओल आणि उन्हापासून जपा. माळ्यावरचं लिथोचं पुस्तक रद्दीवाल्याला देण्याआधी मुलांसमोर एकदा उघडा, आणि त्यातला एखादा शब्द तरी त्यांना वाचून दाखवा.