छर्‍याचा नेम कशावर?



जत्रेतली फुगे फोडायची बंदूक आपण सर्वांनी पाहिलेली आहे. तीच छर्‍याची बंदूक, म्हणजे एअरगन, हल्ली वाड्यावस्त्यांवर दिसू लागली आहे. आणि तीही पोरांच्या नव्हे, चाळिशी ओलांडलेल्या कर्त्या माणसांच्या हातात. रविवारी दुपारी मळ्यात चारजण जमतात आणि नेमाच्या पैजा लागतात.

या हौसेला मी नावे ठेवणार नाही. पत्त्यांपेक्षा आणि पत्त्यांमागून येणार्‍या बाटलीपेक्षा ही करमणूक कितीतरी बरी. तिच्यात श्वास आवरावा लागतो, मन एका जागी आणावे लागते. 10 मीटर एअर रायफलच्या स्पर्धेत दहा गुणांचा ठिपका अवघा अर्ध्या मिलिमीटरचा असतो. राजगिर्‍याच्या दाण्याहूनही लहान! याच प्रकारात अभिनव बिंद्राने 2008 साली बीजिंगला सुवर्णपदक जिंकले आणि ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील 2022 साली जगज्जेता झाला. 2024 साली पॅरिसहून कांस्यपदक आणणारा स्वप्नील कुसाळे तर राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा. त्याचा प्रकार 50 मीटरचा, बंदूकही वेगळी. पण मुलगा आपल्यासारख्याच खेड्यातला.

तेव्हा प्रश्न बंदुकीचा नाही, नेम कशावर धरता याचा आहे.

गेल्या रब्बीत मी हरभर्‍याच्या एका शेतावर गेलो होतो. घाटेअळीसाठी सांगितल्याप्रमाणे एकरी 20 पक्षीथांबे लावलेले पाहून बरे वाटले. पण बांधाशी पाहतो तो दोन कोतवाल मरून पडलेले. मालक हसून म्हणाले, "साहेब, थांब्यावर बसला की नेम सोपा जातो."

मी म्हटले, "आबा, बिनपगारी गडी तुम्हीच बोलावलात आणि तुम्हीच त्याच्यावर छर्रा झाडलात!"

कोतवाल, साळुंकी, बगळे हे पक्षी अळ्या वेचून खातात. गव्हाणी घुबड रात्री उंदीर टिपते. पक्षी उठले की फवारणीचा खर्च आपल्याच खिशातून जातो.

कायद्याचेही ध्यानात घ्या. 4.5 मिलिमीटर नळीच्या आणि 20 जूलपर्यंत जोराच्या एअरगनला शस्त्रपरवाना लागत नाही. त्यामुळे पाखरे मारायलाही मोकळीक आहे, असा पुष्कळांचा समज होतो. तो चुकीचा आहे. वन्य पक्षी मारणे हा 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, मग तो बंदुकीने मारा की गोफणीने. अरुणाचल प्रदेशात एअरगनने रानातली पाखरे कमी होऊ लागली, तेव्हा 2021 साली बंदुका जमा करण्याची मोहीम निघाली आणि लोकांनी सोळाशेहून अधिक बंदुका आपणहून आणून दिल्या. आपल्याकडे ती पाळी येऊ नये.

हौस करायचीच तर अशी करा. पुठ्ठ्यावर गोल काढा आणि त्यामागे वाळूने भरलेले जाड पोते ठेवा. दगडावर किंवा लोखंडावर मारू नका. छर्रा उलटून डोळ्यात येतो. डोळ्यांना चष्मा लावा. बंदूक रिकामी असली तरी नळी माणसाकडे वा जनावराकडे धरू नका. छर्रा जागेवर उभे राहिल्यावरच भरा. छर्रे बहुधा शिशाचे असतात, म्हणून भाकरीला हात लावण्यापूर्वी हात साबणाने धुवा. आणि घरी बंदूक कुलपात ठेवा. माळ्यावर टाकलेली बंदूक पोरांना बरोबर सापडते.

पैज लावायचीच तर पुठ्ठ्यावर लावा. जो हरेल त्याने जिंकणार्‍याच्या हरभर्‍यात एक पक्षीथांबा रोवून द्यावा.