कण्यांतली देवडी

दुसऱ्याचें दुखणें खरें कीं खोटें हें ठरविण्याचा अधिकार घरांतल्या मंडळींना कोणीं दिला असेल तो असो. आमच्या कोडोलीच्या घरांत तो अधिकार आम्हीं सर्वांनीं मिळून आठ महिने बजावला, आणि त्या कामीं मी अग्रभागीं होतों.

दोन वर्षांपूर्वीं श्रावणांत आमच्या थोरल्या काकूंना नागीण झाली. लहानपणीं कांजिण्या येऊन गेल्या, तरी त्यांचे विषाणु शरीर सोडून जात नाहींत. कण्याशेजारच्या मज्जातंतूंच्या गांठींत ते दडून राहतात, आणि पुढें म्हातारपणीं शरीराची राखण सैल झाली कीं एखाद्या तंतूच्या वाटेनें बाहेर पडतात. काकूंच्या डाव्या बरगड्यांवर पाठीपासून छातीपर्यंत फोडांचा पट्टा उठला. महिन्याभरांत फोड सुकले, खपल्या पडल्या, आणि सर्वांनीं सुटकेचा निःश्वास टाकला. काकूंनीं मात्र टाकला नाहीं.

दुखणें चालूच राहिलें. पाहावें तर कातडीवर फिकट डागांखेरीज कांहीं नाहीं. काकू माजघरांत भिंतीशीं बसत, आणि लुगड्याचा पदर डाव्या अंगाला लागूं नये म्हणून कोपरानें दूर धरीत. पंख्याचा वारा त्यांना सोसेना. एकदां धाकटी नात धांवत येऊन गळ्यांत पडली, तेव्हां काकूंनीं तिला अशी कांहीं लोटली कीं पोर दिवसभर त्यांच्याकडे फिरकली नाहीं. त्या रात्रीं जेवतांना मीं म्हटलें, "जखम तर केव्हांच भरली, काकू, आतां दुखायला राहिलें आहे काय?" काकूंनीं उत्तर दिलें नाहीं. त्या पानावरून उठल्या. तो अन्नाचा अपमान झाला असें कोणीसें पुटपुटलें. माझ्या वाक्याविषयीं कोणीं अवाक्षर काढलें नाहीं.

पुढें कोल्हापुरांतील एका डॉक्टरांकडे त्यांना घेऊन गेलों. त्यांनीं प्रथम जागा पाहिली नाहीं. "कसें दुखतें तें सांगा," असें म्हणून ते ऐकत बसले. काकू म्हणाल्या, "आग होते. मधूनच सणक जाते. मुंग्या चालल्यासारखें वाटतें, आणि पदर लागला कीं चरचरतें." डॉक्टरांनीं प्रत्येक शब्द लिहून घेतला. कॅनडांतील मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक यांनीं १९७५ सालीं वेदनेची प्रश्नावलि प्रसिद्ध केली, तींत इंग्रजींतले ७८ शब्द आहेत. आपल्या मराठींत ठणका, ठसठस, कळ, चमक, उसण, हुळहुळणें, सलणें, शिवशिवणें असें पुष्कळ कांहीं आहे. आमच्या आजीला ह्या कामीं कोणत्याही प्रश्नावलीची गरज लागली नसती.

ह्याच मेल्झॅक यांनीं पॅट्रिक वॉल ह्या इंग्रज शास्त्रज्ञाबरोबर १९६५ सालीं 'सायन्स' नियतकालिकांत एक लेख लिहिला. डॉक्टरांनीं त्याचा आशय मला वाड्याच्या देवडीचा दृष्टांत देऊन समजावला. शरीराकडून मेंदूकडे जाणारी वर्दी प्रथम पाठीच्या कण्यांतील मज्जारज्जूंत येते. तेथें मागील बाजूस जणूं एक देवडी आहे. स्पर्शाची वर्दी जाड तंतूंतून येते; ती सेकंदाला पन्नास मीटरांच्या आसपास धांवते. ठणक्याची वर्दी अगदीं बारीक तंतूंतून, सेकंदाला मीटरभर अशा गतीनें रखडत येते. पायाच्या अंगठ्याला ठेंच लागली म्हणजे धक्का आधीं कळतो आणि खरी कळ मागाहून येते, त्याचें कारण हेंच. जाड तंतूंकडून पुष्कळ वर्दी येऊं लागली कीं देवडीवरचा पहारा कडक होतो, आणि बारीक तंतूंच्या वर्दीला आंत जाण्यास अटकाव होतो. कोपर आपटलें कीं आपण तें चोळतों, तें उगीच नव्हे. मूळ लेखांतील आकृतीच्या कांहीं जोडण्या पुढें चुकीच्या ठरल्या, परंतु कण्यांत वेदनेची छाननी होते ही गोष्ट टिकून राहिली.

देवडीला वरूनही हुकूम येतात. दुसऱ्या महायुद्धांत इटलीच्या आघाडीवर हेन्री बीचर ह्या अमेरिकन डॉक्टरांनीं जबर जखमी शिपायांना विचारलें, तों वेदनाशामक औषध हवें असें म्हणणारे चौथ्या हिश्श्याइतकेच निघाले. हा वृत्तांत त्यांनीं १९४६ सालीं छापला. मला तो ऐकतांच आमच्याच तालुक्यांतला पन्हाळा आठवला. १६६० च्या आषाढांत महाराज तेथून विशाळगडाकडे निघाले, तेव्हां बाजीप्रभु अंगभर जखमा घेऊन खिंडींत लढत राहिले, ही कथा आम्हीं बालपणापासून ऐकली आहे. तींतला पराक्रम तिळमात्र कमी न करतां म्हणतां येईल कीं अशा प्रसंगीं मेंदूच देवडी बंद करवितो. १९६९ सालीं रेनल्ड्स ह्या शास्त्रज्ञानें उंदराच्या मध्यमेंदूंतील एका ठिकाणीं विजेचा सूक्ष्म प्रवाह सोडला, तों भूल न देतां त्याच्या पोटावर शस्त्रक्रिया करतां आली. पुढें १९७५ सालीं स्कॉटलंडमधील ह्यूज व कोस्टरलिट्झ यांनीं मेंदूंत तयार होणारें अफूच्या जातीचें द्रव्य ओळखलें.

"मग काकूंचें काय?" मीं विचारलें.

डॉक्टर म्हणाले, "नागिणीनें तंतु जखमी केले, आणि ह्यांच्या देवडीची घडी बिघडली. आतां स्पर्शाची वर्दी सुद्धां वेदनेच्या वाटेनें आंत सोडली जाते. तुम्ही चोळलें तर तुम्हांला बरें वाटतें. ह्यांना पदराची झुळूक सुरीसारखी लागते. हें सोंग नव्हे, आजी."

काकूंनीं पदराचें टोंक डोळ्यांना लावलें. आठ महिन्यांत त्यांना रडतांना मीं पाहिलें नव्हतें.

औषधें दोन दिलीं. एक मज्जारज्जूंत येणाऱ्या वर्दीचा जोर कमी करणारें. दुसरें एरवीं उदासपणावर देतात तें, वरून येणारा हुकूम बळकट व्हावा म्हणून. त्यांनीं दुखणें समूळ गेलें नाहीं. झोंप लागूं लागली, आणि चोळी पुन्हां अंगावर सोसूं लागली, एवढें मात्र खरें. घरीं आल्यावर मीं काकूंची क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "अरे, मलाच वाटूं लागलें होतें कीं माझें डोकें फिरलें." हें वाक्य मला माझ्या त्या वाक्यापेक्षां अधिक सलतें.

परवां धाकटी नात ओसरीच्या पायरीवरून पडली व गुडघा धरून भोकाड पसरून बसली. काकूंनीं तिला उजव्या बाजूला ओढून घेतलें, गुडघा तळव्यानें चोळला, फुंकर घातली. पोर गप्प झाली. काकूंचें डावें कोपर मात्र तेव्हांही पदर अंगापासून दूर धरून होतें.