डॉक्टर म्हणजे कोण?

गेल्या फेस्ताला आलेले पाहुणे धर्मगुरू ‘डॉक्टर’ आहेत असे ऐकून एक आजीबाई आपला सुजलेला गुडघा त्यांस दाखवावयास पुढे झाल्या. मी हसलो, त्या ओशाळल्या. ते हसणे मला रात्रभर बोचले.

लॅटिन भाषेत ‘दोचेरे’ म्हणजे शिकविणे. त्यावरून डॉक्टर म्हणजे शिक्षक. मध्ययुगात बोलोन्या, पॅरिस येथील विद्यापीठांत शिकविण्याचा अधिकार मिळालेल्यास ही पदवी देत. वैद्यांना ती मागाहून चिकटली. पोप दुसरे जॉन पॉल ह्यांनी १९९७ साली ‘ख्रिस्तसभेची डॉक्टर’ म्हणून गौरविलेली लिझ्यूची संत तेरेझा तर २४ वर्षांची असतानाच वारली. विद्यापीठाची पायरीही ती चढली नव्हती.

दुसऱ्या दिवशी आजीबाईंकडे गेलो. त्या नातवाला क्रुसाची खूण शिकवीत होत्या.