उंच बॉनेटची जीप

दिंद्रुडला आमच्या घरासमोर, लिंबाच्या झाडाखाली एक जीप उभी असायची. अब्बांनी ती सरकारी लिलावात घेतली होती. गावात तिला सगळे 'मिस्त्रीची जीप' म्हणत. बाजाराच्या दिवशी माणसं, शेळ्या आणि ज्वारीची पोती तिच्यात एकत्र बसत. निवडणुकीचा भोंगा बांधायचा असो की अडलेली बाळंतीण माजलगावला न्यायची असो, बोलावणं अब्बांनाच येई. बाळंतिणीच्या घरून त्यांनी कधी भाडं घेतलं नाही.

१९९८ साली आम्ही दोघा भावांनी ती जीप भंगारात विकली. पेट्रोल परवडत नव्हतं आणि रस्त्यावर डिझेलच्या काळ्या-पिवळ्या गाड्या आल्या होत्या. भंगारवाल्यानं वजनावर पैसे दिले. अब्बा बाहेर आले नाहीत. आतूनच म्हणाले, "धक्का मारके मत ले जाव. चालू करके ले जाव." जीप चालू झाली, आपल्या चाकांवर गेली.

अब्बांच्या इंतकालानंतर एका लग्नासाठी आम्ही कुर्ल्याला गेलो होतो. रविवारी पाहुण्यांनी आम्हांला फोर्टात नेलं. हॉर्निमन सर्कलपाशी व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाची रॅली जमली होती. चकाकत्या मोटारी, टोप्या घातलेले मालक, फोटो काढणारी पोरं. त्या गर्दीत आमचे पाय एकदम थांबले. समोर उंच बॉनेटची जीप उभी होती.

मालक मोकळ्या स्वभावाचे निघाले. "कुठले तुम्ही?" त्यांनी विचारलं. आम्ही गाव सांगितलं, अशीच जीप आमच्याकडेही होती म्हणालो. "आता कुठे आहे?" धाकट्याच्या तोंडून निघून गेलं, "आहे, घरीच आहे."

मालकांना बरं वाटलं. ते भरभरून बोलू लागले. हे विलीज कंपनीचं सीजे-थ्री-बी मॉडेल. आतलं हरिकेन इंजिन उंच, म्हणून बॉनेटही उंच. अमेरिकेत ते १९६८ साली बंद झालं, पण भारतात महिंद्रानं आणि जपानमध्ये मित्सुबिशीनं त्याच घराण्याच्या जीपा पुढं चालवल्या. जपानमध्ये त्या १९९८पर्यंत बनत होत्या. ते साल ऐकून आम्ही एकमेकांकडं पाहिलं.

मग ते म्हणाले, "ही कंपनी १९४५ साली निघाली तेव्हा नाव होतं महिंद्रा अँड मोहम्मद." त्यातले भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले. १९४८ साली इकडं मोहम्मदच्या जागी दुसरा महिंद्रा आला. जे गेले त्यांचं नाव पाटीवरून उतरलं, हे समजण्यासारखं आहे. पण अब्बा कुठंच गेले नव्हते. तिचे नटबोल्ट आवळत ते दिंद्रुडलाच राहिले. त्यांचं नाव कुठल्या पाटीवर नव्हतंच, फक्त गावाच्या तोंडी होतं.

मालकांनी जीप चालू केली. आवाज ऐकताच थोरल्याच्या तोंडून निघालं, "टॅपेट वाजतंय."

मागं फुटपाथवर पान्यांची पिशवी घेऊन एक म्हातारे चाचा बसले होते. नखांत काळं ऑइल, अगदी अब्बांसारखं. ते हसले. "सही पकडे. कल खोलताऊं." मालक पुढं गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "बेच डाले ना?"

चाचांशी खोटं बोलवेना. "जी. वजनावर."

"सबने बेची बेटा," ते म्हणाले. "पेट पहले है."

तेवढ्यात रॅली सुटली. जीप निघाली तशी लोकांनी टाळ्या वाजवल्या. चाचा पिशवी खांद्याला लावून उठले आणि फुटपाथच्या कडेनं तिच्यामागं चालू लागले. आम्हीही त्यांच्याबरोबर चालत गेलो, जीप दिसेनाशी होईपर्यंत. आमची जीप घरातून गेली तेव्हा तिच्यामागं चार पावलंही कुणी गेलं नव्हतं.