काटेरी पाहुणा

दारी तुळस असावी, मागीलदारी कढीलिंब असावा, आणि काटेरी झाड मात्र उंबऱ्याच्या आत येऊ नये, हा दंडक आमच्या घराण्यात कुणी घालून दिला कोण जाणे! काटे घरात आले की भांडणे येतात म्हणे. आमच्या दोन खोल्यांच्या संसारात भांडणे काट्यांची वाट पाहत कधीच थांबली नाहीत. तेव्हा एका विद्यार्थ्याने निवडुंगाचा हातभर तुकडा आणून दिला, तो मी निर्धास्तपणे ठेवून घेतला.

आत्या त्या वेळी नुकतीच आमच्याकडे राहायला आली होती. आतोबा गेले, कोकणातले घर बंद झाले, आणि सत्तरीला टेकलेली आत्या एका ट्रंकेनिशी शहरात आली. तुकडा पाहून एवढेच म्हणाली, "अरे, कुंपणाची जागा कुंपणाला. हे घरात कशाला?"

तिच्या कुंपणावरचा निवडुंग निराळा. तो मोडला की पांढरा चीक येतो; तो युफोर्बियाच्या कुळातला. हा आमचा सेरियस, मूळचा दक्षिण अमेरिकेचा. याला चीक नाही, आणि काट्यांचा प्रत्येक झुबका लहानशा लवदार गादीतून उगवतो. लॅटिनमध्ये सेरियस म्हणजे मेणबत्ती. नाव सार्थच आहे: सरळ, हिरवा, कंगोरेदार खांब! पाणी मिळाले की कंगोरे फुगतात, ओढ बसली की आक्रसतात.

तो लावायचा कसा, हे मुद्दाम सांगतो. कारण पुष्कळजण प्रेमापोटीच त्याला मारतात. तुकडा लगेच मातीत रोवू नये. कापलेली बाजू सावलीत पंधरा दिवस सुकू द्यावी, तिच्यावर कोरडी खपली धरली पाहिजे. ओल्या जखमेने मातीत गेला, तर कुजतो. मग तळाला भोक असलेली मातीची कुंडी घ्यावी. एक भाग माती, एक भाग जाडी वाळू, एक भाग विटांचे बारीक तुकडे. रोवल्यावर दोन-तीन आठवडे पाणी नको. पुढेही माती पार कोरडी झाल्यावरच द्यावे. ऊन भरपूर हवे, पावसाळ्यात मात्र डोक्यावर छप्पर.

तो तुकडा पंधरा दिवस सावलीत नुसता पडून होता, आणि आत्या आतल्या खोलीत नुसती बसून होती. शेजारणी येत, "भजनाला चला, मन रमवा," म्हणत. आमची सौभाग्यवती त्यांच्यापुढे चहा ठेवून म्हणे, "येतील हो. असू दे त्यांना थोडे दिवस." मी पुस्तकातून शिकत होतो, ते तिला उपजतच ठाऊक होते.

पुढे कुंडीला पाणी घालण्याचे काम आत्याने आपण होऊन घेतले. तिला रात्री झोप नसे. या झाडाचेही तसेच. उन्हात पाणी उडून जाऊ नये म्हणून त्याची रंध्रे दिवसा मिटलेली असतात. रात्री ती उघडून ते हवेतला कार्बन डायऑक्साइड घेते आणि दुसऱ्या दिवशीच्या उजेडात त्याचे अन्न करते. फूलही रात्रीच उमलते, आणि सकाळी मिटून जाते.

चौथ्या वर्षी, ज्येष्ठातल्या एका मध्यरात्री आत्याने आम्हांला हलवून उठवले. "अरे, बघा तरी!" गॅलरीत, काट्यांमधून वितीएवढे पांढरेशुभ्र फूल बाहेर आले होते. आम्ही बघत राहिलो. आत्या हळूच म्हणाली, "ह्यांना दाखवायला हवं होतं."

चार वर्षांत आतोबांचा विषय तिने काढला, तो त्या रात्री पहिल्यांदा. मग पहाटेपर्यंत ती त्यांच्याविषयी बोलत होती: त्यांची तपकीर, त्यांचा राग, त्यांनी लावलेली कलमे. सौभाग्यवतीने दोनदा चहा केला.

आता आमच्या निवडुंगाचे तुकडे साऱ्या बिऱ्हाडांतून गेले आहेत. कापून देते आत्याच. देताना एकच बजावते: "लगेच लावू नका हो. सुकू दे आधी."